कंटेनरमधला पीआयडी वेगळा कसा राहतो? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

शिरोलीच्या फाउंड्रीत भट्टीचं तापमान नोंदवणारा प्रोग्राम, साखर कारखान्याच्या वजनकाट्यावरचं सॉफ्टवेअर, राजारामपुरीतल्या छोट्या ऑफिसात बनलेली बिलिंगची सिस्टीम. कोल्हापूर परिसरातली अशी बरीच कामं आता कंटेनरमध्ये, म्हणजे एकाच मशीनवरच्या वेगळ्या कप्प्यांत, चालू लागली आहेत. ती सांभाळणारी मुलं बहुतेक वेळा एकटीच असतात. सर्व्हर अडला की विचारायला शेजारी कोणी अनुभवी माणूस नसतो. म्हणून लिनक्सच्या पीआयडी नेमस्पेसबद्दल (पीआयडी म्हणजे प्रत्येक प्रोसेसचा, म्हणजे चालू प्रोग्रामचा, नंबर; पीआयडी नेमस्पेस म्हणजे अशा नंबरांची स्वतंत्र यादी) जे प्रश्न सारखे येतात, त्यांची उत्तरं इथे सविस्तर दिली आहेत.

कमांड्स उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहिल्या आहेत. टर्मिनलवर त्या अर्थातच रोमन अक्षरांत टाइप करायच्या.

प्रत्येक प्रोसेसला नंबर असतोच. मग कंटेनरसाठी तो वेगळा करायची गरज का पडली?

कर्नलशी, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याशी, प्रोसेसबद्दल काहीही बोलायचं तर या नंबरावरूनच बोलावं लागतं. सिग्नल पाठवणं, मूल प्रोसेस (म्हणजे एका प्रोसेसने सुरू केलेली दुसरी) संपण्याची वाट बघणं, डीबगर जोडणं, सगळं पीआयडीवर चालतं. पूर्वी अख्ख्या मशीनची एकच यादी असायची. एकाच सर्व्हरवर दोन गिऱ्हाइकांची कामं चालत असतील, तर एकाला दुसऱ्याच्या सगळ्या प्रोसेस दिसायच्या, कमांडबरोबर दिलेले पॅरामीटर दिसायचे आणि एखाद्याने त्यात पासवर्ड दिला असेल तर तोही दिसायचा.

दुसरं कारण कमी सांगितलं जातं, पण मला ते जास्त महत्त्वाचं वाटतं. चालू प्रोग्राम एका मशीनवर गोठवून दुसऱ्या मशीनवर तिथूनच पुढे चालू करायचा असेल, तर त्याचा नंबर तोच राहायला हवा. प्रोग्रामने आपल्या मुलांचे नंबर मेमरीत धरलेले असतात. नव्या मशीनवर तो नंबर आधीच दुसऱ्याने घेतला असेल तर सगळा खेळ मोडतो. प्रत्येक कंटेनरची यादी स्वतंत्र असेल तर ही अडचणच येत नाही. ओपनव्हीझेड या कंटेनर प्रकल्पाच्या लोकांना आणि आयबीएममधल्या कर्नल इंजिनिअरांना नेमकं हेच हवं होतं. पावेल एमेल्यानोव्ह आणि सुकदेव भट्टीप्रोलू यांचं हे काम जानेवारी २००८ मध्ये, लिनक्स २.६.२४ मध्ये आलं. कंटेनर चालवायचं साधन डॉकर त्यानंतर पाच वर्षांनी, २०१३ मध्ये आलं. डॉकरने पीआयडी वेगळे केले असं अनेकांना वाटतं, पण ते काम कर्नलचं आहे. डॉकर फक्त कर्नलकडे ते मागतं.

कंटेनरमध्ये बघितलं तर पीआयडी १, होस्टवर (कंटेनर ज्या मशीनवर चालतो तिथे) बघितलं तर २१४७३. यातला खरा कुठला?

दोन्ही खरे.

कोल्हापुरातला पत्ता आठवा. नुसता सिटी सर्व्हे नंबर सांगितला तर रिक्षावाला विचारणारच, "कुठला वॉर्ड?" तोच आकडा सी वॉर्डातही असू शकतो आणि ई वॉर्डातही. पीआयडीचं तसंच आहे. नुसता आकडा अपुरा, तो कोणत्या नेमस्पेसमधला हे कळलं तरच प्रोसेस सापडते.

फरक एवढाच, की इथे एकाच प्रोसेसला एकाच वेळी अनेक नंबर असतात. ती ज्या नेमस्पेसमध्ये जन्मली तिथला एक, आणि त्याच्या वरच्या प्रत्येक नेमस्पेसमधला एकेक. कर्नल हे सगळे नंबर एकत्र साठवतो आणि विचारणारा ज्या नेमस्पेसमध्ये असेल तिथला नंबर त्याला सांगतो. नेमस्पेस एकात एक घालता येतात. लिनक्स ३.७ पासून त्याला ३२ पातळ्यांची मर्यादा आहे. प्रत्यक्षात दोन-तीनच्या पुढे जायची वेळ सहसा येत नाही.

दोन्ही नंबर शेजारी शेजारी बघायचे असतील तर होस्टवर /प्रॉक/२१४७३/स्टेटस ही फाइल उघडा (/प्रॉक म्हणजे कर्नल प्रोसेसची माहिती जिथे दाखवतो ते फोल्डर). त्यात एनएसपिड नावाची ओळ असते, लिनक्स ४.१ पासून आहे. तिथे डावीकडून उजवीकडे बाहेरचा नंबर, मग आतला, मग त्याच्याही आतला असे आकडे मिळतात. एवढी एक ओळ वाचायची सवय लागली तरी अर्धा गोंधळ जातो.

होस्टवरून कंटेनरच्या प्रोसेस दिसतात, पण कंटेनरमधून होस्टच्या दिसत नाहीत. हे एकतर्फी का ठेवलं?

कारण वरच्याला खालचं सांभाळायचं असतं. होस्टवरच्या ॲडमिनला कंटेनरमधली अडकलेली प्रोसेस मारता आली पाहिजे, ती किती सीपीयू खाते ते दिसलं पाहिजे. उलट दिशेला तशी गरज नाही. आतल्या नेमस्पेसमध्ये बाहेरच्या प्रोसेसला नंबरच दिलेला नसतो, त्यामुळे तिला सिग्नल पाठवायला पत्ताच उरत नाही.

याचा एक चांगला परिणाम असा, की कंटेनरमध्ये कोणी चुकून "किल -९ -१" चालवलं, म्हणजे सगळ्यांना मारा, तर "सगळे" म्हणजे त्या नेमस्पेसमधले आणि त्याच्या आतले तेवढेच. शेजारच्या कंटेनरला धक्का लागत नाही.

डॉकर न वापरता हे स्वतः करून बघता येईल का?

येईल, आणि प्रत्येकाने एकदा तरी करून बघावंच. इंजिनिअरिंग कॉलेजातल्या मुलांना तर मी हेच आधी करायला सांगतो, डॉकर नंतर. युटिल-लिनक्स पॅकेजमधली अनशेअर ही कमांड बहुतेक लिनक्सवर आधीपासून असते. रूट म्हणून चालवा:

अनशेअर --पिड --फोर्क --माउंट-प्रॉक बॅश

आता "पीएस -ईएफ" करा. यादीत फक्त बॅश आणि स्वतः पीएस. बॅशचा नंबर १.

आता यातले दोन पर्याय एकेक करून काढून बघा, कारण खरं शिक्षण तिथे आहे.

--माउंट-प्रॉक काढलं तर बॅशचा नंबर १ असूनही पीएस होस्टची अख्खी यादी दाखवतं. पीएस कर्नलला थेट विचारत नाही, ते /प्रॉक वाचतं. आणि /प्रॉक जेव्हा माउंट झालं, तेव्हा माउंट करणारा ज्या नेमस्पेसमध्ये होता, तिथल्याच प्रोसेस ते कायम दाखवतं. जुनं माउंट तसंच राहिलं तर जुनीच यादी दिसणार. म्हणून पीआयडी नेमस्पेसबरोबर माउंट नेमस्पेसही (माउंट्सची स्वतंत्र यादी) जवळजवळ नेहमी लागतं. --माउंट-प्रॉक दिल्यावर अनशेअर तेही आपोआप करतं.

--फोर्क काढलं तर आणखी चमत्कारिक प्रकार होतो. बॅश सुरू होतं, एखादी कमांड चालते, आणि मग मेमरी मिळत नाही अशी तक्रार करत एकही नवी प्रोसेस सुरू होत नाही. मशीनवर मेमरी भरपूर असते. घडतं असं: अनशेअर हा सिस्टीम कॉल करणारा स्वतः नव्या नेमस्पेसमध्ये जात नाही, त्याची यापुढची मुलं जातात. प्रोसेसचा नंबर तिच्या हयातीत बदलायचा नाही, हा युनिक्सचा जुना नियम. कित्येक प्रोग्राम सुरुवातीला आपला नंबर विचारून तोच जपून ठेवतात. म्हणून बॅश बाहेरच राहतं आणि त्याने चालवलेली पहिली कमांड नव्या नेमस्पेसची १ नंबर होते. ती कमांड क्षणात संपते. १ नंबर गेला की ते नेमस्पेस बंद पडतं, आणि त्यात पुढची प्रोसेस जन्माला घालायला कर्नल नकार देतो. त्या नकाराचा एरर कोड नेमका मेमरी कमी असल्याचा असतो.

रूट नसेल तर --यूझर आणि --मॅप-रूट-यूझर हे दोन पर्याय जोडा. यूझर नेमस्पेस लिनक्स ३.८ पासून साध्या यूझरला हे करू देतं. उबंटू २४.०४ वर मात्र ॲपआर्मर या सुरक्षाव्यवस्थेचा नियम आडवा येतो, तिथे हे जसंच्या तसं चालणार नाही.

१ नंबरच्या प्रोसेसचं एवढं काय विशेष?

या पानावरचं एकच उत्तर वाचायचं असेल तर हे वाचा. नंबर वेगळे करणं कर्नल आपोआप करतो. १ नंबरचं काम मात्र कुणीतरी अंगावर घ्यावं लागतं, आणि कंटेनरमधल्या निम्म्या तक्रारी ते कुणीच न घेतल्यामुळे येतात.

साध्या मशीनवर १ नंबर म्हणजे इनिट, हल्ली बहुतेक ठिकाणी सिस्टमडी. ते याच कामासाठी लिहिलेलं असतं. कंटेनरमध्ये १ नंबरला कोण बसतं? तुम्ही इमेजमध्ये (कंटेनर ज्या साच्यातून बनतो त्यात) जी कमांड दिली ती. तुमचा पायथनचा प्रोग्राम, तुमची शेल स्क्रिप्ट. आणि कर्नल तिला इनिटचेच नियम लावतो.

पहिला नियम सिग्नलचा. १ नंबरने ज्या सिग्नलसाठी स्वतः हँडलर (सिग्नल आल्यावर काय करायचं ते सांगणारा कोड) लावलेला नाही, तो सिग्नल तिच्यापर्यंत पोहोचतच नाही. आतून "किल -९ १" केलं तरी काही होत नाही. बाहेरून, म्हणजे वरच्या नेमस्पेसमधून, सिगकिल (तात्काळ मारणारा, किल -९ चा) आणि सिगस्टॉप (गोठवणारा) हे दोनच सक्तीने लागू होतात. बाकीच्यांना हँडलर लागतोच. एरवी सिगटर्म (बंद हो असं सांगणारा सिग्नल) आला की प्रोग्राम मरतो ही आपली सवय इथे लागू पडत नाही.

दुसरा नियम अनाथ प्रोसेसचा. आई मेली की मूल आपल्याच नेमस्पेसच्या १ नंबरकडे दत्तक जातं. असं मूल संपल्यावर त्याची नोंद मिटवणं हे १ नंबरचं काम.

तिसरा नियम सगळ्यात कडक. १ नंबर संपली की कर्नल त्या नेमस्पेसमधल्या उरलेल्या सगळ्यांना सिगकिल पाठवतो. आवराआवरीला वेळ नाही, निरोप नाही.

डॉकर स्टॉप केलं की प्रत्येक वेळी १० सेकंद लागतात. मशीन हळू आहे का?

मशीनचा काही दोष नाही. डॉकर स्टॉप आधी सिगटर्म पाठवतं, १० सेकंद थांबतं आणि मग सिगकिल पाठवतं. तुमच्या १ नंबरने सिगटर्मसाठी हँडलर लावलेला नसला तर पहिला सिग्नल वाया जातो. पूर्ण १० सेकंद फुकट जातात आणि शेवटी गळा दाबला जातो. बंद झालेल्या कंटेनरचा एक्झिट कोड १३७ दिसला, म्हणजे १२८ अधिक ९, तर प्रोसेस सिगकिलने गेली असं समजा.

वेळ गेला तर फार बिघडत नाही. पण गळीत हंगामात वजनकाट्यावर उसाच्या गाड्यांची रांग लागलेली आहे, कोणीतरी नवी आवृत्ती चढवायला कंटेनर थांबवला, आणि नुकत्याच घेतलेल्या वजनाची नोंद प्रोग्रामच्या मेमरीत होती, डिस्कवर गेली नव्हती. सिगकिल आला की ती नोंद संपली. ज्या शेतकऱ्याची ती गाडी होती, त्याला पीआयडी नेमस्पेस म्हणजे काय हे माहीत असण्याचं कारण नाही. त्याचं वजन नीट नोंदलं जाणं ही आपली जबाबदारी आहे.

उपाय करताना आधी १ नंबरला नक्की कोण आहे ते बघा. इमेजच्या फाइलमध्ये कमांड कंसातल्या यादीच्या स्वरूपात न देता साध्या वाक्यासारखी लिहिली, तर मध्ये शेल येतो. अनेकदा तो शेलच १ नंबरला बसून राहतो आणि खालच्या प्रोग्रामपर्यंत सिग्नल जाऊ देत नाही. सुरुवातीची स्क्रिप्ट लागतच असेल तर तिच्या शेवटच्या ओळीत प्रोग्रामच्या आधी "एक्झेक" लिहा. शेलची जागा प्रोग्राम घेतो, नंबर तोच राहतो. त्यानंतर प्रोग्राममध्ये सिगटर्मचा हँडलर लावा: नवं काम घेणं थांबवायचं, हातातलं पुरं करायचं, फाइल बंद करायची, बाहेर पडायचं. जावाचं व्हर्च्युअल मशीन सिगटर्म स्वतः हाताळतं. पायथन कंट्रोल-सी हाताळतो, पण सिगटर्मचा हँडलर तुम्हालाच लावावा लागतो. त्यामुळे हाताने चालवून कंट्रोल-सी दाबून बघितलं तर सगळं ठीक वाटतं, आणि डॉकर स्टॉपला मात्र अडतं.

पीएसच्या यादीत "डिफंक्ट" लिहिलेल्या ओळी वाढत चालल्या आहेत. धोका आहे का?

त्या झोम्बी प्रोसेस. काम संपलेलं, मेमरी परत गेलेली, पण आईने "वेट" करून निकाल घेतला नाही म्हणून यादीतली नोंद शिल्लक. एक-दोन असतील तर काही बिघडत नाही. वाढतच असतील तर कंटेनरच्या १ नंबरला अनाथ मुलांचं काही पडलेलं नाही असा त्याचा अर्थ. दुसरा प्रोग्राम बोलावून पीडीएफ बनवणाऱ्या किंवा ब्राउझर चालवून रिपोर्ट काढणाऱ्या सिस्टीममध्ये हे हमखास दिसतं.

झोम्बी मेमरी खात नाही, नंबर खाते. आणि प्रत्येक प्रोसेस वरच्या सगळ्या नेमस्पेसमध्येही एकेक नंबर अडवते, म्हणजे कंटेनरमधले झोम्बी होस्टचेही नंबर अडवून बसतात.

झोम्बीला सिगकिल पाठवून उपयोग नाही, ती आधीच मेलेली असते. "डॉकर रन --इनिट" वापरा. ही सोय डॉकर १.१३ पासून, म्हणजे २०१७ पासून आहे. त्यात टिनी नावाचा अगदी छोटा प्रोग्राम १ नंबरला बसतो. सिग्नल खाली पोहोचवणं आणि अनाथांची नोंद मिटवणं, एवढंच तो करतो. बॅश १ नंबरला असेल तर तो झोम्बी गोळा करतो, पण सिग्नल पुढे देत नाही. म्हणजे अर्धंच काम. माझं मत विचाराल तर स्वतःच्या मुलांचा नीट हिशोब ठेवणारा प्रोग्राम सोडला, तर बाकी सगळीकडे --इनिट लावून टाकावं. त्याची किंमत नगण्य आहे.

लाइट जाऊन आली की कंटेनर सुरू होत नाही. "सर्व्हर आधीच चालू आहे" असं म्हणतो. प्रत्यक्षात काहीच चालू नसतं.

एमआयडीसीत ज्यांचा सर्व्हर आहे आणि यूपीएसची बॅटरी म्हातारी झाली आहे, त्यांचा हा नेहमीचा प्रश्न. उत्तर पीआयडी नेमस्पेसमध्येच आहे.

बरेच जुने प्रोग्राम सुरू होताना आपला नंबर एका पिड फाइलमध्ये लिहितात आणि नीट बंद होताना ती फाइल पुसतात. लाइट गेली तर पुसायला वेळ मिळत नाही. तोच कंटेनर पुन्हा सुरू झाला की त्याची फाइल सिस्टीम जशीच्या तशी असते, पिड फाइलही असते. प्रोग्राम ती वाचतो: नंबर ७. मग तपासतो, ७ नंबरची प्रोसेस जिवंत आहे का? साध्या मशीनवर नंबर हजारोंच्या घरात फिरत असतात, त्यामुळे जुना नंबर नेमका दुसऱ्या कोणाला मिळालेला असण्याची शक्यता कमी. कंटेनरमध्ये मात्र दर वेळी नवं नेमस्पेस आणि मोजणी १ पासून. प्रोसेस त्याच क्रमाने सुरू होतात, तेच छोटे नंबर तशाच क्रमाने वाटले जातात. ७ नंबर जिवंत असतोच, कित्येकदा तो प्रोग्राम स्वतःच असतो. आणि तो स्वतःलाच दुसरा समजून बाहेर पडतो.

सुरुवातीच्या स्क्रिप्टमध्ये ती फाइल आधी पुसून टाका, किंवा ती मेमरीत राहणाऱ्या टीएमपीएफएसवर ठेवा, म्हणजे कंटेनर बंद झाला की ती गेलीच. खरं तर कंटेनरमध्ये पिड फाइलची गरजच नसते. प्रोग्राम पार्श्वभूमीला न पाठवता समोरच चालू द्या, त्याच्यावर लक्ष ठेवायला डॉकर आहेच. एका वेळी एकच प्रत चालावी एवढंच हवं असेल तर फाइलवर एफलॉक घ्या. प्रोसेस कशीही मेली तरी ते कुलूप कर्नल स्वतः काढतो.

पिड फाइल दोन कंटेनरांनी वाटून घेतलेल्या व्हॉल्यूमवर तर कधीच ठेवू नका. दोघेही त्यात १ लिहितील.

कर्नलच्या लॉगमध्ये "मेमरी संपली, अमुक प्रोसेस मारली" असं येतं. तो नंबर कंटेनरमध्ये सापडत नाही.

कर्नलचा लॉग नेहमी होस्टच्या मूळ नेमस्पेसमधला नंबर छापतो. तो घेऊन कंटेनरमध्ये शोधू नका. आणि प्रोसेस मेल्यावर एनएसपिडची ओळही वाचता येत नाही, म्हणून जुळवणी आधीच करून ठेवलेली बरी. "डॉकर टॉप" होस्टचे नंबर दाखवतं, "डॉकर इन्स्पेक्ट" १ नंबरच्या प्रोसेसचा होस्टवरचा नंबर देतं. लॉगच्या त्याच भागात सीग्रुपचा (कर्नल ज्या गटावर मेमरी वगैरेची मर्यादा लावतो त्याचा) मार्गही छापलेला असतो, त्यात कंटेनरचा लांबलचक आयडी दिसतो. तिथून कंटेनर ओळखणं सगळ्यात सोपं.

एक बारकावा लक्षात ठेवा. मारली गेलेली प्रोसेस १ नंबर नसेल तर कंटेनर बाहेरून चालूच दिसतो, आतलं काम मात्र थांबलेलं असतं. भट्टीच्या तापमानाचा आलेख एका जागी सपाट झालेला दिसला तर हे आधी तपासा.

दोन प्रोसेस एकाच नेमस्पेसमध्ये आहेत का, हे कसं ओळखायचं?

/प्रॉकमध्ये प्रत्येक प्रोसेसच्या फोल्डरात एनएस नावाचं फोल्डर असतं, त्यातली पिड ही लिंक बघा. लिंकमधला आकडा सारखा असेल तर नेमस्पेस एकच. होस्टच्या मूळ पीआयडी नेमस्पेसला कर्नलमध्ये ४०२६५३१८३६ हा ठरलेला आकडा आहे. कंटेनरमध्ये १ नंबरच्या लिंकवर हाच आकडा दिसला तर तो कंटेनर पीआयडीच्या बाबतीत वेगळा केलेलाच नाही. सगळी नेमस्पेस एकदम बघायला "एलएसएनएस -टी पिड".

डॉकर एक्झेकने आत गेलो तर माझ्या शेलची आई ० नंबर दिसते. हे काय?

तुमच्या शेलची आई नेमस्पेसच्या बाहेर आहे. आत तिला नंबर नाही, म्हणून कर्नल ० सांगतो. १ नंबरच्या आईचा नंबरही आतून ० दिसतो, त्याच कारणाने.

इमेजमध्ये पीएसच नाही.

छोट्या इमेजमध्ये नसतं. /प्रॉकमधल्या आकड्यांच्या फोल्डरांवर फिरून प्रत्येकातली कॉम ही फाइल वाचा, तेवढ्यात काम भागतं. किंवा होस्टवरून डॉकर टॉप.

"--पिड=होस्ट" कधी वापरावं?

अख्ख्या मशीनवर नजर ठेवणारा मॉनिटरिंगचा एजंट कंटेनरमध्ये चालवायचा असेल तेव्हा. त्याला होस्टच्या सगळ्या प्रोसेस दिसायला हव्यातच.

बाकी कुणी "काहीतरी चालत नव्हतं म्हणून लावलं" असं सांगितलं तर ते काढायला लावा. या पर्यायाने भिंतच जाते. कंटेनरमधला रूट, दुसरं कोणतं कुंपण नसेल तर, होस्टच्या प्रोसेसना सिग्नल पाठवू शकतो. डीबगिंगसाठी हवं असेल तर त्यापेक्षा चांगला मार्ग आहे: "--पिड=कंटेनर:" आणि पुढे दुसऱ्या कंटेनरचं नाव. एसट्रेससारखी (प्रोसेसचे सिस्टीम कॉल दाखवणारी) अवजारं असलेला वेगळा कंटेनर फक्त त्या एकाच कंटेनरच्या नेमस्पेसमध्ये बसतो. मूळ इमेजला हात लावावा लागत नाही आणि काम झालं की तो काढून टाकता येतो.

कुबरनेटीस (अनेक मशीनवर कंटेनर सांभाळणारी यंत्रणा) वापरत असू तर त्याच्या एका पॉडमधले, म्हणजे एकत्र चालणाऱ्या गटातले, कंटेनर एकमेकांच्या प्रोसेस बघू शकतात का?

नेटवर्क त्यांचं एकच असतं, पीआयडी मात्र एरवी वेगवेगळे. एकत्र हवे असतील तर पॉडच्या व्याख्येत शेअर-प्रोसेस-नेमस्पेस हा पर्याय चालू करावा लागतो. आवृत्ती १.१७ पासून तो स्थिर मानला जातो. तेव्हा १ नंबरला पॉझ नावाचा छोटा कंटेनर बसतो आणि झोम्बी तोच आवरतो. तुमचा प्रोग्राम १ नंबरला राहत नाही, त्यामुळे "किल १" वर अवलंबून असलेल्या स्क्रिप्ट बिघडतात.

चालू करण्याआधी एवढं ध्यानात घ्या: /प्रॉकमधून एका कंटेनरला दुसऱ्याच्या एन्व्हायर्नमेंटमधले पासवर्ड वाचता येतात, आणि /प्रॉकमधल्या रूट या लिंकमधून त्याच्या फाइलींपर्यंतही पोहोचता येतं. अडवायला फक्त यूझरची परवानगी उरते.

थांबवताना इथे १० ऐवजी ३० सेकंद मिळतात. बाकी कथा तीच.

पीआयडी वेगळे केले म्हणजे कंटेनर सुरक्षित झाला का?

नाही. एकमेकांच्या प्रोसेस दिसत नाहीत, त्यांना सिग्नल पाठवता येत नाही, एवढीच हमी मिळाली. कर्नल सगळ्यांचा एकच आहे. सरासरी लोड, एकूण मेमरी यांचे /प्रॉकमधले आकडेही सहसा होस्टचेच दिसतात.

२०१९ च्या फेब्रुवारीत रनसी या कंटेनर चालवणाऱ्या प्रोग्राममधला दोष उघड झाला, तो /प्रॉकमार्गेच होता. रनसी कंटेनरमध्ये शिरत असताना आतला दुष्ट प्रोग्राम /प्रॉक/सेल्फ/एक्झे या लिंकवरून होस्टवरची रनसीची मूळ फाइलच बदलू शकत होता. पीआयडी नेमस्पेस व्यवस्थित असूनही. म्हणून प्रोग्राम रूट म्हणून चालवू नका, नको त्या कॅपेबिलिटी (रूटचे सुटे अधिकार) काढा, यूझर नेमस्पेस वापरा, आणि होस्टचे अपडेट लांबणीवर टाकू नका. "आपल्या छोट्या सर्व्हरकडे कोण बघतंय" असं उद्यमनगरात बऱ्याचदा ऐकायला मिळतं. स्वयंचलित हल्ले सर्व्हर लहान की मोठा ते बघत नाहीत.

एका कंटेनरने सगळे नंबर संपवले तर?

संपवू शकतो, कारण होस्टची यादी शेवटी एकच. जुनी मर्यादा ३२७६८ होती. ६४ बिट मशीनवर ती ४१,९४,३०४ पर्यंत नेता येते. नेमस्पेस नंबर वेगळे करतं, पण किती घ्यायचे ते ठरवत नाही. ते काम सीग्रुपच्या पिड्स कंट्रोलरचं, लिनक्स ४.३ पासूनचं. डॉकरमध्ये --पिड्स-लिमिट द्या. मर्यादेत थ्रेडही मोजले जातात, त्यामुळे जावाच्या कंटेनरला फार घट्ट आकडा देऊ नका.

व्हायव्हात "सीएचरूटने पीआयडी वेगळे होतात का" असं विचारतात. आणि फ्रीबीएसडीच्या जेलचं काय?

सीएचरूट १९७९ च्या युनिक्सपासून आहे आणि फक्त फाइलींचं मूळ बदलतं. पीआयडींना हात लावत नाही. फ्रीबीएसडीचे जेल २००० मध्ये आले, आवृत्ती ४.० मध्ये. तिथे बाहेरच्या प्रोसेस लपवल्या जातात, पण नंबरांची यादी एकच राहते. जेलमधल्या पहिल्या प्रोसेसला १ मिळत नाही. लपवणं आणि नव्याने मोजणं हा फरक सांगता आला तर उत्तर पूर्ण झालं.

मॅकवर डॉकर चालवतो. ॲक्टिव्हिटी मॉनिटरमध्ये कंटेनरच्या प्रोसेस का दिसत नाहीत?

तिथे कंटेनर एका लिनक्स व्हर्च्युअल मशीनच्या आत चालतात. या पानावर जिथे "होस्ट" म्हटलं आहे, ते तुमच्याकडे ते व्हर्च्युअल मशीन आहे. विंडोजवर डब्ल्यूएसएल २ वापरत असाल तरी तसंच.

आमच्या प्रोग्राममध्ये लॉगला आणि डेटाबेसला पीआयडी लिहितो. कंटेनरमध्ये गेल्यावर चालेल का?

लॉगमध्ये चालेल, पण सोबत कंटेनरचं नाव किंवा आयडी लिहा. नुसता १ लिहिलेल्या लॉगच्या शंभर ओळींतून काहीच कळत नाही.

डेटाबेसमध्ये "हे काम अमुक पीआयडीने घेतलं आहे" अशी नोंद ठेवून, ती प्रोसेस जिवंत आहे का हे दुसऱ्या कंटेनरमधून तपासणार असाल तर ते बंद करा. दुसऱ्या कंटेनरमधला तोच आकडा वेगळ्याच प्रोसेसचा असतो. तिथे ठरावीक वेळेने नूतनीकरण होणारी नोंद ठेवा. वेळ उलटली की काम मोकळं झालं असं धरायचं.

एकाच मशीनवर दोन प्रोसेसना नंबर एकमेकांना सांगायचेच असतील तर युनिक्स सॉकेटवरून क्रेडेन्शिअल्स म्हणून पाठवा. कर्नल मधल्या मध्ये नंबराचं रूपांतर करतो आणि घेणाऱ्याला त्याच्या नेमस्पेसमधला नंबर मिळतो. मजकुरात आकडा लिहून पाठवलात तर हे होत नाही. आणि नवा प्रोग्राम लिहीत असाल तर पिडएफडी शिका. लिनक्स ५.३ पासून प्रोसेसचा नंबर देऊन तिच्यासाठी फाइल डिस्क्रिप्टर मिळवता येतो. ती प्रोसेस मेली आणि तोच नंबर दुसऱ्याला गेला तरी तुमचा डिस्क्रिप्टर जुन्या प्रोसेसचाच राहतो, त्यामुळे सिग्नल भलत्यालाच जात नाही.